वृद्धांस काम आणि कामाचा मान

गांवांत कोणी साठी ओलांडली म्हणजे त्याच्याविषयीं दोन प्रकारचीं वाक्यें ऐकूं येतात. “आतां पुष्कळ केलेंत, स्वस्थ बसा,” हें एक. आणि “नुसता बसून खातो,” हें दुसरें. पहिल्यांत माया आहे, दुसऱ्यांत तुच्छता आहे. परंतु दोहोंचें मूळ एकाच समजुतींत आहे, कीं वृद्ध मनुष्याचें काम आतां संपलें. ही समजूत खरी नाहीं. ज्या संस्थेच्या मनांत ती बसते ती संस्था वृद्धांचा अपमान तर करितेच, शिवाय आपलेंही नुकसान करून घेते. म्हणून वृद्धांस काम व सेवा करितां यावी ह्यासाठीं संस्थांनीं काय करावें, हा विषय आम्ही ह्या पाठांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. २०११ सालच्या जनगणनेंत आपल्या देशांत साठ व त्याहून अधिक वयाचे सुमारें १० कोटी ३८ लक्ष लोक होते, आणि त्यांपैकीं सुमारें ७ कोटी ३० लक्ष खेड्यांत राहत होते. खेड्यांतील अशा वयाच्या पुरुषांपैकीं शेंकडा ६६ व स्त्रियांपैकीं शेंकडा २८ हे काम करणाऱ्यांत मोजले गेले. घरची भाकरी, गोठ्यांतील शेण, नातवंडांची राखण, हीं कामें बहुधा ह्या मोजणीच्या बाहेरच राहतात. तीं धरलीं तर स्त्रियांचा आंकडा किती तरी वाढेल. तेव्हां खेड्यांतील वृद्ध रिकामा बसला आहे हें म्हणणें उघड चुकीचें आहे. अंगाला न झेपणारें काम, कमी मजुरी, आणि कोणाच्या ध्यानांतही न येणारे कष्ट, हेंच पुष्कळांचें दुःख आहे. दुसऱ्या बाजूस कांहीं थोडे असे असतात, कीं ज्यांना निवृत्तिवेतन मिळतें व पोटाची चिंता नसते. परंतु सकाळीं उठल्यावर आज आपली कोणाला गरज आहे, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांना सांपडत नाहीं. संस्थेनें दोघांकडेही पाहावयाचें आहे; मात्र दोघांना एकच औषध देऊन चालणार नाहीं.

संस्था हा शब्द ऐकून वाचकांनीं मोठ्या शहरांकडे पाहूं नये. पन्हाळा तालुक्यांतील कोडोलीचेंच उदाहरण घ्या. वारणेच्या खोऱ्यांतील ह्या गांवाला लागूनच वारणानगर आहे. तेथें तात्यासाहेब कोरे ह्यांनीं सहकारी साखर कारखाना उभारला, आणि मागोमाग दूध संघ, शाळा व महाविद्यालयें आलीं. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामाचेंही कोडोली हें जुनें ठाणें. त्यामुळें शाळा, दवाखाना व मंडळी ह्यांच्या कामाची संवय येथें फार दिवसांची आहे. अशा गांवांत दूध संस्था, सेवा सोसायटी, ग्रामपंचायत, अंगणवाडी, बचत गट, वाचनालय आणि मंडळी, ह्या सर्व संस्थाच आहेत. ह्यांतील प्रत्येकीच्या हातीं वृद्धांस द्यावयाचें कांहीं ना कांहीं काम असतें. तें कसें द्यावें एवढाच प्रश्न आहे.

पहिला पाठ: कामाची मोळी सोडावी

कोल्हापूरच्या गुळाची कीर्ति मोठी आहे. २०१४ सालीं त्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. हा गूळ ज्या गुऱ्हाळांत होतो तेथील व्यवस्था आपल्या विषयाचा उत्तम पाठ देते. ऊंस तोडून आणणें, तो घाण्यांत घालणें, चुलवाणांत चिपाडें सारणें, तापलेली काहील उतरविणें, हीं सर्व बळाचीं कामें होत. तीं तरुणांनीं करावयाचीं. परंतु गूळ चांगला होणार कीं बिघडणार हें गुळव्यावर अवलंबून असतें. उकळत्या रसाचा रंग, बुडबुड्यांची चाल, पाण्यांत टाकलेल्या पाकाची बोटांत होणारी गोळी, ह्यांवरून काहील केव्हां उतरावयाची तें तो सांगतो. थोडें आधीं उतरलें तर गूळ धरत नाहीं. थोडा उशीर झाला तर करपट वास लागतो. हें ज्ञान अनेक हंगाम चुलवाणापाशीं उभें राहिल्यानें येतें. म्हणून गुळव्याचे केस पांढरे असले तर मालकाला त्याची भीति वाटत नाहीं, उलट भरंवसा वाटतो. आणि गुळव्यानें काहीलही उचलावी असें कोणी म्हणत नाहीं.

ह्यांतील तत्त्व असें, कीं कोणतेंही काम हें एक अखंड ओझें नसतें. ती अनेक लहान काटक्यांची मोळी असते. मोळी सोडली म्हणजे कोणती काटकी कोणाच्या हाताला योग्य हें दिसूं लागतें. दूध संस्थेंत कॅन उचलणें हें एक काम आहे, आणि उत्पादकाचा नंबर, लिटर व फॅट नोंदींत बरोबर उतरले कीं नाहीं हें पाहणें हें दुसरें आहे. दवाखान्यांत रोग्याला उचलून खाटेवर निजविणें हें एक, आणि प्रथमच आलेल्या घाबऱ्या माणसाला केसपेपर कोठें काढावयाचा, कोणत्या खोलींत जावयाचें हें दाखवून त्याच्यापाशीं बसणें हें दुसरें. शाळेंत चाळीस मुलांचा वर्ग संभाळणें हें एक, आणि वाचनांत मागें पडलेल्या दोघां मुलांना झाडाखालीं घेऊन बसणें हें दुसरें. प्रत्येक जोडींतील दुसरें काम सत्तर वर्षांचें मनुष्य उत्तम करूं शकतें. कित्येकदां तरुणाहून अधिक चांगलें करूं शकतें, कारण त्याला घाई नसते.

“आमच्याकडे म्हाताऱ्यांजोगें काम नाहीं,” असें जी संस्था म्हणते तिनें बहुधा मोळी सोडून पाहिलेलीच नसते.

दुसरा पाठ: शरीर काय मागतें

“साठी बुद्धि नाठी” ही म्हण यमकाला चांगली आहे, परंतु शास्त्राला धरून नाहीं. वाढत्या वयांत नवीन गोष्ट शिकण्याचा वेग कमी होतो, नांवें चटकन आठवत नाहींत, दोन कामें एकदम करणें जड जातें. पण शब्दसंपत्ति, माणसांची पारख, व अनुभवानें आलेला विवेक हीं दीर्घकाळ टिकतात. स्मृति पार नाहींशी होणें हा वयाचा नियम नव्हे. तो रोग आहे, आणि त्याला वैद्याचीच गरज असते.

शरीरांत मात्र कांहीं ठरलेले फरक पडतात, व ते संस्थेनें जाणून घेतले पाहिजेत. डोळ्याची बाहुली लहान राहूं लागते आणि आंतील भिंग पिवळसर होतें. त्यामुळें साठाव्या वर्षीं डोळ्याच्या पडद्यावर पोंचणारा प्रकाश हा विसाव्या वर्षाच्या मानानें सुमारें एक तृतीयांश उरतो. कानाला बारीक व उंच स्वर आधीं ऐकूं येईनासे होतात. म्हणून मोठ्यानें ओरडण्यापेक्षां समोर येऊन, खालच्या आवाजांत, सावकाश बोललेलें अधिक समजतें. तहान लागल्याची जाणीव मंदावते, त्यामुळें चैत्र-वैशाखाच्या उन्हांत अंगांतील पाणी आटलें तरी पाणी मागितलें जात नाहीं. गुडघे धरतात, म्हणून भुईवर बसणें जमलें तरी उठणें कठीण पडतें.

ह्यांतून संस्थेचें कर्तव्य आपोआप निघतें. लिहिण्याचें काम द्यावयाचें तर बैठक खिडकीपाशीं असावी, आणि वहींतील अक्षर मोठें असावें. पाण्याचा तांब्या मागण्याची वाट न पाहतां पुढें ठेवावा. पाठ टेकावयाची खुर्ची असावी. शौचाची सोय जवळ असावी. ती नसल्यानें पुष्कळ वृद्ध स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहींत, आणि मग आजारी पडतात. दोन तास काम व मग विसांवा, असा क्रम असावा. हीं सारीं अल्प खर्चाचीं कामें आहेत. आणि हे उपकार नव्हेत. विळ्याला धार लावणें हा जसा विळ्यावर उपकार नसतो, तसेंच हें आहे. काम चांगलें व्हावें म्हणून तें करावयाचें असतें.

येण्याजाण्याची सोयही ह्यांतच येते. महाराष्ट्रांत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला, व ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना अर्ध्या भाड्याची सवलत आहे. २०२४ सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेंत ६५ वर्षांवरील गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठीं एकवार ३,००० रुपये देण्याची तरतूद झाली. ज्याला ह्याचा अर्ज भरतां येत नाहीं त्याला तो भरून देणें, हीसुद्धां संस्थेनें वृद्धांच्या कामास केलेली मदतच होय. कारण चष्म्यावांचून नोंदवही नाहीं आणि श्रवणयंत्रावांचून सभा नाहीं.

तिसरा पाठ: मजुरी कीं सेवा?

हा पाठ सर्वांत नाजूक आहे, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचाही आहे. सेवा हा शब्द पवित्र आहे. म्हणूनच त्याचा दुरुपयोग सोपा आहे. एखादी विधवा रोज सकाळीं येऊन शाळेचें आवार झाडते, पाणी भरते, सायंकाळीं कुलूप लावते, आणि तिला सांगण्यांत येतें, कीं “ही तुमची सेवा आहे.” तिच्या घरीं पीठ आहे कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. हेंच काम तरुण शिपायानें केलें असतें तर त्याला पगार द्यावा लागला असता. वय वाढलें म्हणून मजुरीचें नांव सेवा होत नाहीं.

ह्यासाठीं एक साधी कसोटी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. काम न केल्यास संस्थेचें अडणार आहे काय? त्याचे दिवस व तास ठरलेले आहेत काय? त्यासाठीं दुसरा मनुष्य ठेविला असता तर त्याला पैसे द्यावे लागले असते काय? ह्या तिन्ही प्रश्नांचें उत्तर होय असेल, आणि करणाऱ्याला पोटाची अडचण असेल, तर तें काम आहे. त्याचा मोबदला ठरवून, महिन्याच्या महिन्याला, सही घेऊन द्यावा. जो मनुष्य खाऊनपिऊन सुखी आहे व आपण होऊन वेळ देऊं इच्छितो, त्याची ती सेवा. तिचा आभारपूर्वक स्वीकार करावा, परंतु त्याचें एस. टी. चें भाडें व चहा त्याच्याच खिशांतून जाऊं नये.

हलक्या कामालाही पूर्ण मजुरी देतां येते, ह्याचें उदाहरण आपल्या देशाच्या कायद्यांतच आहे. महाराष्ट्रानें रोजगार हमीचा मार्ग प्रथम दाखविला व १९७७ सालीं तिचा कायदा केला. पुढें २००५ सालीं केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. त्यांत मजुराच्या वयाची खालची मर्यादा १८ वर्षें ठरविली होती. वरची मर्यादा ठेविलीच नव्हती. कामावर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें आलीं तर त्यांना राखण्यासाठीं मजूर स्त्रियांतील एकीला नेमावें, व तिलाही मजुरीच द्यावी, असें त्यांत लिहिलें होतें. मुलें राखणें ही खोदाईइतकीच कामाची गोष्ट आहे, हें कायद्यानें मान्य केलें.

जपानांत ह्याची निराळी रीत बसली आहे. तेथें टोकियो शहराच्या एदोगावा भागांत १९७५ सालीं वृद्धांची एक कामकरी संस्था निघाली. तिच्या धर्तीवर देशभर केंद्रें झालीं, व १९८६ सालीं त्यांना कायद्याचा आधार मिळाला. साठ वर्षांवरील मनुष्य सभासद होतो. बागेंतील झाडें छाटणें, सायकली ठेवण्याच्या जागेवर देखरेख करणें, घरांतील किरकोळ दुरुस्ती, अशीं कामें केंद्र गांवांतून गोळा करितें व सभासदांत वांटतें. महिन्यांतून सुमारें दहा दिवस, किंवा आठवड्यांतून सुमारें वीस तास, एवढीच कामाची मर्यादा असते. काम थोडें, मोबदला थोडा. परंतु दोन्ही नक्की. आपल्या गांवांत एखाद्या सेवा सोसायटीनें किंवा ज्येष्ठ नागरिक संघानें अशी नोंदवही ठेवली, तर लग्नसराईंत धान्य निवडणारी, बियाणें निवडून देणारी, आजाऱ्यापाशीं रात्र काढणारी पांच-सहा नांवें कोणालाही चटकन मिळतील, व दरही ठरलेला राहील. दर ठरलेला असला म्हणजे गरजूला तोंड वेंगाडावें लागत नाहीं.

ज्यांच्यानें आतां कांहींच होत नाहीं त्यांचें काय? त्यांना काम नको, आधार हवा. ६५ वर्षांवरील निराधारांसाठीं राज्याची श्रावणबाळ सेवा निवृत्तिवेतन योजना आहे. तिची रक्कम २०२३ सालीं दरमहा १,५०० रुपये झाली. २००७ सालच्या कायद्यानें मुलांवर आईबापांच्या पोषणाची जबाबदारी टाकली आहे, व त्यासाठीं न्यायाधिकरणें नेमलीं आहेत. अडचणींतील वृद्धांसाठीं १४५६७ हा फोन नंबर आहे. हें सर्व संस्थेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असावें. काम देण्याच्या उत्साहांत, काम न करण्याचा वृद्धांचा हक्क आपण विसरूं नये.

चौथा पाठ: सेवेला शिकवण व वेळापत्रक

ज्यांना सेवा करावयाची आहे त्यांनाही संस्थेचें साहाय्य लागतें. “या कधींही, करा कांहींही,” असें म्हणून वृद्धांस बोलाविलें तर चार दिवस ते येतात, आणि पांचव्या दिवशीं घरीं राहतात. आपली वाट कोणी पाहत नव्हतें, हें त्यांच्या लक्षांत आलेलें असतें.

आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशाची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. तेथें मनोविकारांचे वैद्य फारच थोडे. २००६ सालीं डॉ. डिक्सन चिबांडा ह्यांनीं हरारे शहराच्या म्बारे नांवाच्या गरीब वस्तींत चौदा आजीबाईंना हाताशीं धरलें. दवाखान्याच्या आवारांत झाडाखालीं एक बांक ठेवला. त्यावर बसून आजीबाईंनीं दुःखी माणसाचें ऐकून घ्यावें, आणि त्याच्या अनेक अडचणींतून एक निवडून तिच्यावर तोडगा काढण्यास त्यालाच मदत करावी, अशी रीत शिकविली. प्रथम त्या बांकाच्या नांवांत मनाच्या आजाराचा उल्लेख होता. तो पाहून कोणी जवळ येईना. आजीबाईंनींच सांगितलें, कीं हें नांव बदला व मैत्रीचा बांक म्हणा. तें ऐकण्यांत आलें, आणि लोक येऊं लागले. पुढें ५७३ रोग्यांवर ह्या उपायाची रीतसर परीक्षा झाली, व तिचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यांपैकीं शेंकडा सुमारें ५० जणांत औदासीन्याचीं लक्षणें उरलीं होतीं. बांकावर बसलेल्यांत तीं शेंकडा सुमारें १४ जणांतच उरलीं. ह्यांत दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. आजीबाईंना नुसती जागा दिली नव्हती, शिक्षण दिलें होतें. आणि त्यांचें म्हणणें ऐकलें होतें.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांतही असेंच दिसून आलें. तेथें साठ वर्षांवरील लोकांना प्राथमिक शाळांत मुलांचें वाचन सुधारण्यासाठीं नेमण्यांत आलें. नियम असा होता, कीं आठवड्यांतून निदान पंधरा तास यावें, वर्षभर यावें, व एका शाळेंत एकट्यादुकट्यानें न जातां जथ्यानें जावें. खर्चासाठीं थोडी रक्कमही मिळे. मुलांना आजीआजोबा मिळाले. आणि वृद्धांचें चालणेंफिरणें व ओळखीपाळखी वाढल्या.

कोडोलीसारख्या गांवीं हें सहज साधेल. दवाखान्यापाशीं झाड आहे, शाळेपाशीं झाड आहे, आणि बांकाला सुतार गांवांतच आहे. जेथें लोक मोकळेपणीं येतात तेथें दोन शहाण्या वृद्ध स्त्रियांना आठवड्यांतून तीन सकाळ बसवावें; कोणतें दुखणें ऐकून घ्यावयाचें व कोणतें तात्काळ डॉक्टरांकडे पाठवावयाचें, हें त्यांना आधीं नीट शिकवावें; आणि ऐकलेलें कोणापाशीं बोलावयाचें नाहीं हा नियम पहिल्या दिवशींच घालून द्यावा.

पांचवा पाठ: शिकणें व शिकविणें

वृद्धांना आतां काय शिकवावयाचें, असें म्हणणाऱ्यांनीं ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत फांगणे गांवीं काय झालें तें ऐकावें. तेथील शिक्षक योगेंद्र बांगर ह्यांच्या पुढाकारानें व मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्यानें ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडें नेसून, पाठीला दप्तर लावून आजीबाई शाळेंत येऊं लागल्या, आणि अंगठ्याच्या जागीं सही करूं लागल्या. ज्याला आपली सही करितां येते तो बचत गटांतील पैसे मोजून घेतो, आणि संस्थेच्या ठरावावर काय लिहिलें आहे हें विचारतो. काम देण्याआधीं अक्षर देणें हा म्हणूनच फार मोठा आधार आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें उदाहरण तर डोळ्यांपुढेंच आहे. शाळेचें रीतसर शिक्षण नसलेल्या ह्या बाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां त्यांचें वय साठीच्या पलीकडे गेलें होतें. रेव्ह. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ही त्यांनींच पूर्ण केलें.

उलट दिशेनें, वृद्धांपाशीं जें ज्ञान आहे तें संस्थेनें घेतलेंही पाहिजे. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे ह्यांनीं गांवठी बियाणीं राखलीं. मणिभाई देसाई ह्यांनीं १९६७ सालीं उरुळी कांचन येथें स्थापिलेल्या बायफ संस्थेनें त्यांना साहाय्य केलें. बियाण्यांची बँक उभी राहिली, व २०२० सालच्या यादींत राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान बाईंचें होतें. त्याची नोंद, सांठवण व प्रसार ह्यांसाठीं संस्थेचा हात लागला. आपल्या गांवांतही कोणत्या विहिरीचें पाणी केव्हां आटतें, पुराचें पाणी पूर्वीं कोठवर आलें होतें, कोणत्या ओढ्याची वाट बुजली, हें जाणणारीं माणसें आहेत. तीं गेल्यावर तें कागदपत्रांत सांपडणार नाहीं. ग्रामपंचायतीनें एका शाळकरी मुलाला वही देऊन त्यांच्यापाशीं बसविलें, तर दोघांचाही वेळ सत्कारणीं लागेल.

सहावा पाठ: काम आणि खुर्ची

ह्यावर एक रास्त आक्षेप निघेल. कोणी म्हणेल, “आमच्या संस्थेंत वृद्धांना वाव नाहीं असें नाहीं; उलट अध्यक्ष, चिटणीस, पंच, सारे वृद्धच आहेत, आणि तरुणांनाच जागा नाहीं.” हें पुष्कळ ठिकाणीं खरें आहे. म्हणून काम आणि खुर्ची ह्यांतील भेद ओळखला पाहिजे. खुर्च्या चार-पांच असतात, आणि त्या गांवांतील वजनदार वृद्धांनाच मिळतात; ज्यांना कामाची खरी गरज असते ते वृद्ध दाराबाहेर उभे असतात. वृद्धांस आधार देणें म्हणजे एकाच माणसाला आमरण अध्यक्ष ठेवणें नव्हे. पदाची मुदत ठरलेली असावी, आणि मुदत संपल्यावर त्यानें एक वर्ष आपल्या मागून येणाऱ्याला हिशेब, दप्तर व माणसें ह्यांची ओळख करून द्यावी. किल्ली हातची गेली तरी मान जात नाहीं, असें ज्या संस्थेंत दिसतें तेथें किल्ली सोडण्यास कोणी भीत नाहीं.

काम थांबविण्याची रीतही मानाचीच असावी. हात थरथरूं लागले, वहींत चुका होऊं लागल्या, तर ती गोष्ट चारचौघांत न बोलतां एकांतांत सांगावी, व त्याच दिवशीं दुसरें हलकें काम पुढें ठेवावें.

आरंभ कसा करावा

आतां उपदेशक, शिक्षक व संस्थेचे चालक ह्यांना एक लहानसा क्रम सुचवितों.

१. साठ वर्षांवरील स्त्रीपुरुषांची यादी करावी. ही कल्पना नवी नाहीं. साठ वर्षांवरील विधवांचीं नांवें मंडळीच्या यादींत घालण्याविषयीं सूचना तीमथ्याच्या पहिल्या पत्रांत आहे. यादींत वयापुढें तीन रकाने असावे: काय येतें, काय झेपतें, आणि पैशाची गरज आहे काय. तिसरा रकाना गुप्त ठेवावा.

२. घरीं जाऊन विचारावें. सभेंत विचारल्यास धीट बोलतात, गरजू गप्प राहतात. स्त्रियांना स्त्रियांनींच विचारावें.

३. संस्थेच्या एकाच कामाची मोळी सोडावी, आणि त्यांतील एक काटकी निवडावी. दहा कामें एकदम काढूं नयेत.

४. त्या एका कामावर दोन वृद्ध नेमावे, म्हणजे एक आजारी पडला तर दुसरा असतो, आणि येतांजातां सोबतही होते.

५. मजुरी कीं सेवा, हें पहिल्या दिवशीं लिहून ठेवावें.

६. एक महिन्यानें त्यांनाच विचारावें, कीं काय जड गेलें व काय बदलावें. मैत्रीच्या बांकाचें नांव आजीबाईंनींच सुचविलें होतें, हें विसरूं नये.

ह्यांत फार पैसा लागत नाहीं, लक्ष लागतें. संयुक्त राष्ट्रांनीं १९९० सालीं ठराव करून १ ऑक्टोबर हा वृद्धांचा दिवस ठरविला, व त्या दिवशीं पुष्कळ ठिकाणीं शाल व नारळ देऊन सत्कार होतात. शाल जरूर द्यावी. परंतु २ ऑक्टोबरला त्या मनुष्यानें कोठें जावें, कोणीं त्याची वाट पाहावी, हेंही त्याच सभेंत ठरावें. नाहीं तर शाल पेटींत जाते, आणि मनुष्य पुन्हां ओट्यावर.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या संस्थेंतील कोणत्या एका कामाचे भाग पाडतां येतील? त्यांतील कोणता भाग वृद्धांस शोभेल?

२. आपल्या गांवांत सेवेच्या नांवाखालीं कोणाची मजुरी बुडत आहे काय? ती कोणीं व केव्हां सुरू करावी?

३. आपल्या सभेच्या जागीं उजेड, खुर्ची, पाणी व शौचाची सोय सत्तर वर्षांच्या स्त्रीला पुरेशी आहे काय? तिलाच विचारून उत्तर लिहा.

४. आपल्या गांवांतील कोणतें ज्ञान एकाच वृद्ध मनुष्यापाशीं उरलें आहे? तें लिहून घेण्यास कोणाला पाठवाल?